उतरवायचा राहिलेला कॉर्ड

रूबेन त्रिभुवनला पुरून लोक घरी गेले, तरी मरायच्या आधी त्याने वाजवलेला कॉर्ड त्याच्या खोलीत वाजत राहिला. गिटार खाटेवर उताणी पडली होती. तारा थरथरत नव्हत्या. फक्त पातळ तीन तारा चार ठिकाणी दबलेल्या होत्या आणि त्यांच्यावर बोटं दिसत नव्हती.

तो सस-फोर होता, अर्धवट लटकत राहणारा कॉर्ड. धाकटा भाऊ योएल शाळेत फार टिकला नव्हता आणि गिटारही त्याला येत नव्हती, पण हा कॉर्ड तो झोपेतही ओळखायचा. चर्चमध्ये गाणं संपताना रूबेन हाच कॉर्ड धरून ठेवी, मंडळी उठून उभी राही, आणि आमेनबरोबर तो खाली उतरवी. घरी मात्र योएलला उठवायला तो वाजवायचा आणि तसाच टांगून ठेवायचा. योएल पांघरुणातून ओरडायचा, "उतरव ना, दादा." त्या सकाळी रूबेन म्हणाला, "आज तू उतरव. मी पाव घेऊन येतो." बायपासवर टेम्पोने त्याची मोटरसायकल उडवली.

तेव्हापासून त्या घरात कुणाला रडू येत नव्हतं. हसूही येत नव्हतं. मार्थाबाई पोराच्या खड्ड्याशी तोंडाला पदर लावून उभी राहिली, रडू घशापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. नंतर ते ना वर आलं ना खाली गेलं. तिला घास गिळता येईना. योएलने चिडून गिटारीवर गोधडी टाकली, मग उशा टाकल्या, मग स्वतःच आडवा पडला. आवाज तेवढाच राहिला.

शेवटी नगरपालिकेचे ध्वनी निरीक्षक वाघचौरे आले. चपला दाराशी काढून ते खाटेजवळ बसले आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"डी सस-फोर," ते म्हणाले. "शेजारून तक्रार आहे."

"एवढा मोठा तरी आहे का आवाज?" योएल म्हणाला.

"आवाजाची तक्रार नाही. दुशिंगांच्या पोरीची पाठवणी झाली. पोरगी रडली नाही, तिची आई रडली नाही. सासरचे म्हणतात, हे लोक काहीतरी लपवतायत."

"मग कांदा लावायचा डोळ्याला."

"लावला होता. कांदाही लागू पडला नाही." वाघचौऱ्यांनी गिटारीकडे बोट केलं. "साध्या कॉर्डात तीन सूर. मधला सूर सांगतो, हे हसणं आहे की रडणं. तुमच्या भावाने करंगळी पुढे टेकवून तो मधला सूर झाकला आणि त्याच्या वरचा लावला. तो खाली येईपर्यंत ऐकणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. करंगळी उचलायची, बस."

"उचला की मग."

"रक्ताच्या नात्यातलंच माणूस लागतं. तसा नियम आहे."

"आणि उचलल्यावर?"

"थोडा वेळ वाजेल आणि विरेल. सगळेच विरतात."

"मग नाही उचलत. निघा तुम्ही." योएल उठून उभा राहिला. "हा गेला की दादाचं काय उरतं इथं? एक हेल्मेट. तेही त्या दिवशी खुंटीलाच होतं."

वाघचौरे निघाले नाहीत. दारात मार्थाबाई उभी होती. तिचा हात गळ्यावर होता.

"योएल," ती म्हणाली, "मला माझ्या पोरासाठी रडायचंय रे. मला रडू दे."

योएल खाटेवर बसला. सर्वांत पातळ तारेवर त्याने चाचपलं. तिथं बोट होतं. शेंड्याला घट्टे पडलेलं, कोमट. विचार करत बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने ते हिसकून उचललं. त्याबरोबर मागचं मधलं बोटही सुटलं आणि कॉर्ड एकदम खोल गेला.

"सस-टू," वाघचौरे म्हणाले. "दोन्ही उचललीत. सूर वरून लटकत होता, आता खालून लटकतोय."

मार्थाबाईचा श्वास आत गेला आणि बाहेर येईना. ती भिंतीला धरून खाली बसली.

"मधलं बोट परत ठेवा. दुसऱ्या फ्रेटवर, दांड्यावरच्या दुसऱ्या घरात. पहिल्यावर ठेवलंत तर रडका कॉर्ड होईल, आमच्या दृष्टीने तोही चालतो. पण लवकर."

"दादा आमेन कधी रडका वाजवायचा नाही," योएल म्हणाला. उजव्या मुठीत करंगळी तशीच धरून त्याने डाव्या हाताने हवेत मधलं बोट शोधलं आणि ते दुसऱ्या फ्रेटवर दाबलं.

कॉर्ड उतरला. आईच्या तोंडून असा आवाज निघाला की वाघचौऱ्यांनी मान खाली घातली. भिंतीपलीकडे दुशिंगांच्या बायकाही रडायला लागल्या. योएलही रडला. कॉर्ड हळूहळू बारीक झाला आणि थांबला. मग दबलेल्या तारा एकेक करून वर आल्या.

"झालं," वाघचौरे म्हणाले. "करंगळी सोडा आता."

"मी धरलेली नाही," योएल म्हणाला. त्याने मूठ उघडून दाखवली. तळहात रिकामा होता, पण त्याची स्वतःची करंगळी एका बाजूला ओढली गेली होती आणि तिच्याभोवती कातडी गोल दबली होती.

वाघचौऱ्यांनी वाकून नीट पाहिलं. "बोटं आमच्याकडे येत नाहीत," ते म्हणाले. "आमच्याकडे फक्त आवाज." आणि चपला घालून ते निघून गेले.

मार्थाबाई दुपारभर रडली. मग तिने भाकरी खाल्ली, आणि उन्हं कलल्यावर चहा केला. कप तिने योएलच्या मोकळ्या हाताशी ठेवला, आणि दुसऱ्या हातावर पदराचं टोक पसरलं, बोट गार पडू नये म्हणून.