मनगट सोडवायची विद्या

रावजी गांगुर्डे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि दर रविवारी गळ घेऊन पेठच्या डोंगरात जाऊ लागले. तिथल्या एका धरणाच्या मागच्या अंगाला त्यांनी जागा हेरली होती. आसपास चिटपाखरू नसे. रावजींना तेच आवडायचं आणि कमळाबाईंना नेमकं तेच खुपायचं.

“एकटा माणूस, आडरान. मागून येऊन कोणी धरलं तर?”

“मला धरून काय मिळणार? गांडुळं?”

पण त्या मे महिन्यात कॉलनीच्या महिला मंडळाने तीन दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर घेतलं. कमळाबाई तिथून आल्या त्या हुकूम घेऊनच. मनगट सोडवायला शिकल्याशिवाय मासेमारी बंद!

“अंगठ्याच्या बाजूला पिळा, झटका द्या आणि पुढे पळा. पकड अंगठ्यापाशीच कच्ची असते,” त्या सांगायच्या आणि चहा देता देता, पेपर वाचता वाचता, कधीही मनगट पकडायच्या. रावजी आधी चिडले, मग हसले, मग मुकाट्याने शिकले. आठवड्याभरात हात त्यांना न विचारताच सुटायला लागला. शुक्रवारी डॉक्टरांनी नाडी बघायला मनगट धरलं, तेव्हाही सुटला. कमळाबाईंनी समाधानाने त्यांच्या गळ्यात एक शिट्टी अडकवली आणि रविवारी जाऊ दिलं.

उन्हाळ्याने पाणी बरंच मागे हटलं होतं. मध्ये राहिलेला गाळ वरून वाळून, भेगाळून कठीण दिसत होता. रावजी गळाची काठी खांद्यावर टाकून त्यावरून पाण्याकडे निघाले. शेळ्या चारणाऱ्या बहिरूने ते लांबून पाहिलं. हाका मारून घसा बसला, पण वारा उलटा होता. शेवटी तो धावत आला आणि त्याने मागून रावजींचं मनगट गच्च धरलं.

पिळा, झटका, पुढे पळा. सगळं इतकं बिनचूक झालं, की कमळाबाईंनी टाळ्याच वाजवल्या असत्या. रावजी चार पावलं पुढे पळाले आणि कमरेपर्यंत गाळात गेले.

“अवो, हात कशाला सोडवला?” बहिरू ओरडला. “मागल्या साली म्हैस गेली ह्याच्यात!”

हा चोर नव्हे, एवढं रावजींच्या ध्यानात आलं. बहिरू पोटावर झोपून सरपटत आला आणि त्याने पुन्हा मनगट धरलं. हात पुन्हा सुटला. गाळ छातीला लागला.

“दादा, हात नका ना सोडू!”

“मी सोडत नाही हो, तो सुटतोय!”

आता मात्र रावजी घाबरले. कमळाबाई आपल्यासाठी जेवायच्या थांबल्या असतील, हे आठवून त्यांना गलबलून आलं. त्यांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. ती ऐकून वरच्या पाड्यावरून बहिरूची बायको लंकाबाई आली. तिने प्रकार बघितला, परत पळाली आणि विहिरीचा दोर घेऊन आली.

“मनगट सोडा त्यांचं. काखेतून दोर घाला,” ती नवऱ्याला म्हणाली. दोघांनी मिळून रावजींना बाहेर ओढलं. चपला आणि गळाची काठी गाळातच राहिली.

झोपडीपुढे चार हंडे पाणी ओतल्यावर रावजींचा चेहरा दिसू लागला. लंकाबाईने कोरा चहा दिला आणि विचारलं, “ह्यांच्या हातून बैल सुटत नाय. तुमी कसे सुटले?”

रावजींनी लाजत सगळं सांगितलं. बहिरू पोट धरधरून हसला. लंकाबाई हसली नाही.

“आमची मैना द्राक्षाच्या कामाला लांब जाती,” ती म्हणाली. “नुसत्या पोरीपोरीच असत्यात. तिला शिकवाल का?”

संध्याकाळी रावजी अनवाणी, कानात चिखल घेऊन दारात उभे राहिले.

“कोणी धरलं?” कमळाबाई किंचाळल्या.

“धरलं.”

“मग? सुटलात?”

“दोनदा.”

कमळाबाईंचा चेहरा उजळला. मग रावजींनी पुढचं सांगितलं, तशा त्या उंबऱ्यावर मटकन बसल्या. पदराने त्यांच्या कानातला चिखल काढत हळूच म्हणाल्या, “मीच बुडवलं असतं की हो तुम्हाला.”

“त्या बाईने एक काम सांगितलंय तुला,” रावजी म्हणाले आणि त्यांनी मैनाचं सांगितलं. कमळाबाईंनी डोळे पुसले.

“पेठची पहिली एसटी कितीला आहे?”

पुढच्या रविवारी पाड्यावरच्या आंब्याखाली अकरा पोरी जमल्या. शिकवायला कमळाबाई होत्या. चोर म्हणून रावजींना उभं केलं होतं.

“अहो, जोरात धरा! चोर काय ओवाळायला येतो?”

रावजींनी जोरात धरलं. मैनाने असा झटका दिला, की ते फतकल मारून मातीत बसले. पाडा खदखदून हसला. ते उठतात न उठतात तोच सत्तरीच्या ठमाबाईंनी पदर खोचला.

“आता माजा नंबर.”

रावजींनी आशेने खाली धरणाच्या काठावर पाहिलं. तिथे बहिरू त्यांची नवी काठी घेऊन निवांत बसला होता. शेजारी दोन मरळ मासे पडले होते.

“बहिरू, जरा इकडे ये रे! थोडा वेळ तू चोर हो!”

बहिरूने मान न वळवता हात हलवला.

“वरडू नका दादा. मासा बुजतो.”