मातीच्या वर्गात जागा नाही

आमच्या नतालियानं दोन वर्षं गावातल्या कम्युनिटी कॉलेजात काढायची आणि मग थेट विद्यापीठात, तिसऱ्या वर्षाला, मृदाशास्त्राला जायचं, हा बेत माझा! कॉलेजातला सल्लागार म्हणाला, "या, बसून विषय ठरवू." म्हटलं, "तुम्ही कशाला त्रास घेता?" चारही सत्रांचे विषय मीच लिहिले आणि फ्रिजवर चिकटवले. पोरीला बजावलं, "तू हात लावायचा नाही. सगळं मी बघतो!"

शेवटच्या सत्रात 'मातीची ओळख' हा विषय हवाच होता. तो वर्षातून एकदाच असतो, आणि त्याच्याशिवाय विद्यापीठ दारात उभं करत नाही. जानेवारीत कळलं, वर्गाला वीस डोकी लागतात आणि आलीत फक्त अकरा! आठवड्यात भरती झाली नाही तर वर्ग रद्द, म्हणजे पोरीचं वर्ष पाण्यात!

"अहो, आता तरी त्या सल्लागाराकडे जा," बायको म्हणाली. झुल्मिरा तिचं नाव.

"त्याच्याकडे माणसं आहेत का? माझ्याकडे आहेत!"

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये जेवणं चालू असताना मी उभा राहिलो. आम्ही पोर्तुगीज गोठेवाले, एकाची पोर ती सगळ्यांची पोर. माझी थोरली बहीण दिओलिंडाताई, मेहुणे, सत्तरीचे अवरेलियोकाका, मी स्वतः, अशी तेरा नावं संध्याकाळपर्यंत नोंदवली. वीस कसले, चोवीस झाले! वर्ग तुडुंब!

"पप्पा, यात माझं नाव कुठाय?" नतालियानं विचारलं.

"तू नोंदवलं असशील ना?"

"हात लावायचा नाही, असं कोण म्हणालं होतं?"

वर्गात जागा चोवीसच! माझी लेक प्रतीक्षा यादीत! झुल्मिरानं फ्रिजवरचा माझा कागद काढला आणि माझ्या हातात ठेवला. 

पण पहिल्या दिवशी जो गैरहजर त्याचं नाव कटतं. मी सगळ्यांना फोन केले, "कृपा करून घरी बसा!" आणि खात्री करायला कॉलेजात गेलो. पाहतो तर काय, सगळे हजर! इस्त्रीचे कपडे, नव्या वह्या! मीही माझ्या खुर्चीत टेकलो.

"ताई, तुला नको म्हटलं होतं ना?"

"अरे, खुर्ची एकच हवीय ना? आपले बाकीचे अकरा आहेत की!"

अकराही जण हेच म्हणाले.

प्राध्यापक बाईंनी मातीचा ट्रे फिरवला. ताईनं चिमूटभर माती चोळली. "नदीकाठची दिसतेय. पाणी धरायची नाही."

"शाबास! अगदी बरोबर!"

ताईचे डोळे भरले. "चाळीस वर्षं चिखल तुडवतेय रे, शाबास कुणी म्हटलं नव्हतं."

आता हिला ऊठ कसं म्हणणार? दारात नतालिया दप्तर घेऊन उभी होती. अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी उठलो. खरं सांगतो, मलाही बसायचं होतं हो! पण पोरगी माझ्या खुर्चीत बसून हसली आणि मी भरून पावलो.

आता मंगळवार-गुरुवार सगळं खानदान कॉलेजात असतं आणि त्यांचे पाच गोठे मी सांभाळतो. काल भर दुपारी ताईचा फोन आला.

"बेल्मिरो, संध्याकाळचं दूधही तूच काढ, आमचा अभ्यास चाललाय. आणि उद्या कॉलेजात पाटीभर शेण आणून दे, प्रयोगाला हवंय. चांगलं बघून आण हं, त्याला मार्क आहेत!"