कोनी हाये का घरात?

माझ्यासारखीने लेखणी हाती धरावी, हे मुळातच धारिष्ट्याचे आहे. वनखात्याच्या कचेरीत गेली कित्येक वर्षे मी इतरांचीच वाक्ये लिहीत आले. ‘सविनय सादर’ आणि ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ यांपलीकडे माझे साहित्य कधी गेले नाही. मराठी घेऊन एम.ए. झाले होते, हे मी स्वतःही जवळजवळ विसरले होते. तेव्हा वाचकांनी आधीच क्षमा करावी. परंतु सोमाजीभाऊंविषयी कोणीतरी लिहायला हवे, आणि त्यांचे दार माझ्या दारासमोर असल्यामुळे हे काम बहुधा माझ्याकडेच येते.

सोमाजी कुळमेथे हे आमचे वनरक्षक. ते झाडांच्या दारावर टकटक करतात.

यात अलंकार काहीही नाही. तोडायच्या झाडावर शिक्क्याचा हातोडा मारण्यापूर्वी ते बोटांच्या पेरांनी खोडावर तीनदा वाजवतात, कान लावतात आणि अदबीने विचारतात, “कोनी हाये का घरात?” आत काही खसफसले, फडफडले किंवा गुणगुणले, की मागे सरून मला सांगतात, “बाई, इथी भाडेकरू हाये. पुढं चला.”

नोंदवही लिहायला मी प्रथम त्यांच्यासोबत जंगलात गेले आणि हे पाहिले, तेव्हा मला हसू आवरेना. त्यांना मुळीच राग आला नाही. “कोनाच्या घरी जातानी इचारतो ना आपन? मंग घर पाडाले जातानी काऊन नाई इचारा?” असे म्हणून ते पुढच्या झाडाकडे वळले.

यावरून ते झाडतोडीच्या विरुद्ध आहेत, असा समज कृपया करून घेऊ नये. सिरोंच्याकडे नदीच्या पात्रात सागाने भरलेले एक मोठे बेट आहे. तेथे काही वर्षांच्या अंतराने निवडक झाडे तोडली जातात, म्हणजे लाकूडही मिळते आणि मागच्या झाडांना उजेडही मिळतो. उभ्या सागाकडे नुसते पाहून त्याचे किती ओंडके निघतील, हे सोमाजीभाऊ अचूक सांगतात. त्यांचे तत्त्वज्ञान न्हाव्याच्या दुकानातले आहे. “जंगल कापाच लागते, बाई. केस नाई कापले तं उवा होते. पन कान वाचवून कापा!”

हे कान वाचवणे ते नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात करतात. ‘भाडेकरू: घुबड, सहकुटुंब.’ ‘भाडेकरू: घोरपड, एकटी, स्वभाव तापट.’ एका नोंदीत ‘भाडेकरू: मधमाश्या, चौकशी अर्धवट राहिली’ असे आहे. त्या दिवशी ते कचेरीत आले तेव्हा त्यांचा डावा गाल पपईएवढा झाला होता.

या शेऱ्यांमुळे एकदा मोठीच पंचाईत झाली. वरच्या कचेरीतून पत्र आले: सदर बेटावर एकूण भाडेकरू किती, अतिक्रमण केव्हापासून आहे आणि निष्कासनाची काय कार्यवाही केली, याचा खुलासा तात्काळ करावा. खुलासा अर्थातच मला लिहावा लागला. ‘सदर भाडेकरूंना पंख असल्याने ते स्वेच्छेने ये-जा करतात,’ असे मी लिहिले. माझ्या नोकरीतील हे एकमेव वाक्य, ज्याचा मला अभिमान आहे. सोमाजीभाऊंनी ते वाचून घेतले आणि गंभीरपणे म्हणाले, “घोरपडीले पंख नसते, बाई.”

घरीही त्यांची ही खोड सुटत नसे. त्यांची पत्नी कमला सात वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही. मी समोर राहायला आले ती त्यानंतर. रोज संध्याकाळी ते सायकल भिंतीला टेकवत, स्वतःच्याच कुलूपबंद दारावर तीनदा टकटक करत, क्षणभर थांबत, आणि मग खिशातून किल्ली काढत. “भाऊ, आत कोण भाडेकरू ठेवला आहे?” असे मी एकदा धीर करून थट्टेने विचारले. “पाल हाये एक,” ते म्हणाले. “थे पन कधी ओ देत नाई.” आम्ही दोघेही हसलो. वर्षानुवर्षे जंगलात वाजवून बोटांना सवय लागली असावी, इतकेच माझ्या मनात आले.

यंदा चैत्रात त्याच बेटावर पुन्हा खुणा करायच्या होत्या. सोमाजीभाऊंची ही शेवटची खेप, कारण या महिनाअखेरीस ते निवृत्त होत आहेत. गुडघाभर पाण्यातून आम्ही बेटावर गेलो. सोबत नवे साहेब होते. वयाने तरुण, बोलण्यात सभ्य आणि सदैव घाईत. मंजुरी चाळीस झाडांची होती. एकोणचाळीस झाडांवर शिक्के पडले, आणि चाळिसाव्यापाशी गाडी अडली.

झाड सरळसोट, दृष्ट लागावी असे. मात्र वर ढोलीत धनेशाची मादी चिखलाने दार लिंपून आत बसली होती. फटीतून तिच्या चोचीचे टोक दिसत होते. नर उंबराचे फळ घेऊन आला, तिला भरवून गेला.

“तोड हिवाळ्यात होणार आहे,” साहेब म्हणाले. “तोवर पिल्ले उडून जातील. मारा शिक्का.”

“साहेब, तुमी दिवाळीले गावाले जाता. वापस आल्यावर कुलूप उघडाले घरच नसन, तं? हे जोडी दरसाल इथीच येते.”

“चाळीस म्हणजे चाळीस, सोमाजीभाऊ. एक कमी कसे दाखवू? तासाभरात याच मापाचे दुसरे झाड दाखवा, नाहीतर हेच जाईल.”

मग सुरू झाली टकटक. सोमाजीभाऊ पुढे आणि नोंदवही छातीशी धरून मी मागे. एका झाडातून खार ओरडली, दुसऱ्यातून मुंग्या बाहेर आल्या. तिसऱ्यापाशी कान लावून ते म्हणाले, “अबब, इथी तं लगनघर हाये!” भाडेकरू नसलेली झाडे मापात बसेनात. घड्याळाकडे पाहण्याचे मला धैर्य होईना.

अखेर जुन्या पायवाटेच्या वळणावर ते एका सागापाशी थांबले. माप अगदी नेमके होते. मागे दोन कोवळे साग त्याच्या सावलीत खुरटले होते. त्यांनी तीनदा वाजवले. “कोनी हाये का घरात?” त्यांनी कान लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मला जुन्या नोंदवह्या आठवल्या. याच वळणावरचे हे झाड मागच्या दोन्ही खेपांना वगळलेले होते. शेरा होता, ‘भाडेकरू: जुना.’ बाकी ठिकाणी पक्ष्याप्राण्याचे नाव असे, येथे नव्हते.

“भाऊ,” मी म्हटले, “इथे भाडेकरू होता ना?”

“होता.” त्यांनी खोडावरून हात फिरवला. “कमला डबा घेऊन नदी पार करून येई. मी येईपर्यंत इथीच बसून राहे. म्हने, सारं बेट कापा, माह्यं झाड कापू नोका.” मग मागच्या दोन सागांकडे पाहून म्हणाले, “हे गेलं तं या दोघाईले उजेड भेटन. अन् थ्या धनेशीनले आपलं घर भेटन.”

मी नोंदवही उघडली.

“रिकामं हाये, बाई. लिवा.”

हातोडा एकदाच वाजला. साहेब मागून येऊन म्हणाले, “छान! झाली चाळीस.” त्यांचा काही दोष नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे, हे मला कळेना. तो मी कोरा ठेवला.

त्या संध्याकाळी मी दारात तांदूळ निवडत बसले होते. सोमाजीभाऊंनी सायकल भिंतीला टेकवली. सवयीने मी टकटकीची वाट पाहिली. त्यांनी सरळ किल्ली काढली, कुलूप उघडले आणि ते आत गेले. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले, तिसऱ्याही.

महिनाअखेरीस ते निवृत्त होतील आणि समोरची सरकारी खोली रिकामी होईल. त्याआधी एखाद्या संध्याकाळी मी पलीकडे जाऊन त्यांच्या दारावर तीनदा वाजवले आणि “कोणी आहे का घरात?” असे विचारले, तर ते वावगे दिसेल का?