नवागतांना क्रोनकडे पाठविण्याबाबत

एखाद्या वस्तीची संस्कृती तिच्या चर्चवरून किंवा वाचनालयावरून कळत नाही. नव्याने राहायला आलेल्या माणसाने ‘इथं जवळपास चांगलं खायला कुठं मिळतं हो?’ असं विचारल्यावर जुने रहिवासी किती प्रेमाने खोटं बोलतात, त्यावरून ती कळते. या कसोटीवर गेंट शहरातली, कालव्याच्या वळणावरची आमची वस्ती फारच वरच्या दर्जाची आहे, हे मी, एतियेन, वस्ती मंडळाच्या स्वागत उपसमितीचा अध्यक्ष या नात्याने नम्रपणे नमूद करतो.

आमची कार्यपद्धती साधी आहे. नवं कुटुंब आलं की सामानाचा ट्रक हलायच्या आत उपसमिती दारात हजर होते. उपसमितीत मी, केशकर्तनालय चालवणारी मार्लेन आणि निवृत्त ट्रामचालक फिर्मीन, असे तिघे आहोत. सोबत येनेव्हरची, म्हणजे आमच्याकडच्या कडक दारूची, बाटली (लहान), कुठल्या रंगाच्या पिशवीत कुठला कचरा याची तोंडी माहिती (मोठी) आणि चेहऱ्यावर माया. मग तो प्रश्न येतोच. तवा कुठल्या खोक्यात आहे हे ज्याचं त्यालाच ठाऊक नसतं, पोरं भुकेने रडत असतात, आणि बिचारा आशेने आमच्याकडे बघत विचारतो. त्यावर आम्ही तिघेही एका सुरात सांगतो, “फ्रीत खायची तर क्रोनचीच!”

(फ्रीत म्हणजे दोनदा तळलेले बटाट्याचे काप. एकदाच तळलेल्या कापांना आमच्याकडे अजून नाव द्यावंसं कोणाला वाटलेलं नाही.)

क्रोन हे दुकान चौकात आहे, ट्रामच्या थांब्यासमोर. क्रोन म्हणजे मुकुट, म्हणून वर दिव्यांचा भलामोठा मुकुट, खाली मालक रॉनी. रॉनी हा अत्यंत सज्जन माणूस. त्याची फ्रीत कारखान्यातून गोठवलेल्या पोत्यांत येते आणि तशीच, म्हणजे मनाने गोठलेली, गिऱ्हाइकाच्या हातात पडते. क्रोनचं तेल कधी बदलतात याबद्दल वस्तीत मतभेद आहेत. ते बदलतात का, याबद्दलही आहेत. पण रॉनीला हे कोणी कधी सांगितलेलं नाही. आमच्याकडे तक्रार ही दुकानात करायची गोष्ट नसते. ती घरी नेऊन, दार लावून, बायकोकडे करायची असते.

आम्ही स्वतः अर्थातच गोदेलीवकडे खातो.

बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावामागे, झाडाखाली, गोदेलीवची चाकांवरची टपरी. बटाटे ती स्वतः सोलते, चरबीत एकदा तळते, थंड होऊ देते, आणि मग दुसऱ्यांदा असे तळते की कागदी द्रोणात पडताना ते वाजतात. तिच्या टपरीला पाटी नव्हती. एकदा तिने पाटी लावायचा विचार बोलून दाखवला. तेव्हा उपसमितीने तातडीने भेट घेऊन, वाऱ्यात पाट्या कशा उडतात आणि कोणाच्या डोक्यात कशा पडतात, हे तिला कळकळीने समजावलं. ती बिचारी घाबरली आणि गप्प बसली.

काही कोत्या मनाचे लोक याला स्वार्थ म्हणतील. छे! हा निव्वळ तर्क आहे. चांगली जागा एकाला सांगितली की तो चौघांना सांगतो. चौघांची रांग होते. रांग दिसली की पेपरवाला येतो. पेपरात आलं की खुर्च्या येतात, खुर्च्यांमागून दाढीवाले तरुण येतात आणि बटाट्याला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारायला लागतात. शिवाय उपसमितीच्या पाहणीनुसार, शुक्रवारच्या रांगेत पुढे एक माणूस वाढला की मागच्या सगळ्यांच्या भुकेत सरासरी बारा टक्के वाढ होते. (पाहणी मी स्वतः रांगेत उभं राहून केली आहे. त्या वेळी मी सगळ्यात मागे होतो.)

अशा या सुव्यवस्थित वस्तीत लीसेलोत आणि तिचे वडील आखिल राहायला आले.

लीसेलोत नोटरीच्या कचेरीत काम करणारी, अदबीने बोलणारी बाई. आखिलचं मात्र सगळं आयुष्य मालवाहू बोटीवर गेलेलं. बायको वारली, गुडघे गेले, बोट विकावी लागली, आणि लेकीने त्याला इथे आणलं. उपसमिती दारात पोचली तेव्हा म्हातारा भिंतीला टेकून बसलेला, शेजारी त्याची खोकी, सगळी सुतळीने बांधलेली.

“सोडत नाहीत हो,” लीसेलोत हळूच म्हणाली. “म्हणतात, आधी बघू.”

“बघणारच!” आखिल आतून ओरडला. पाण्यापलीकडच्या माणसाशी बोलायची सवय, त्यामुळे त्याची कुजबूजही रस्त्यावर ऐकू यायची. “जिथं धड फ्रीत मिळत नाही तिथं मी नांगर टाकत नाही. नाही मिळाली तर चाललो दिक्समाउदला, बहिणीकडे. काय हो, कुठं मिळते इथं चांगली?”

उपसमितीने एका सुरात उत्तर दिलं.

म्हातारा क्रोनला गेला. दोन काप खाल्ले आणि उरलेली फ्रीत कालव्यातल्या बदकांना टाकली. एक बदक जवळ आलं, विचारात पडलं आणि परत गेलं. दुसऱ्या दिवशी लीसेलोत माझ्या दारात. डोळे सुजलेले.

“तुम्ही इथले जुने. दुसरी एखादी जागा नाही का हो? बाबा जेवत नाहीत. खोक्यांजवळ बसून राहतात. त्या बहिणीशी त्यांचं दोन दिवससुद्धा पटत नाही, मला माहितीय. तिथं गेले तर...”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण धोरण म्हणजे धोरण. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “क्रोनला आणखी एक संधी द्या.”

एवढ्यावर हे प्रकरण मिटलं असतं. पण आमच्या पत्त्यांच्या टेबलाचा प्रश्न उभा राहिला. मनिलच्या डावाला चार माणसं लागतात. आमचा चौथा, ओडील, त्या हिवाळ्यात गेला, आणि तेव्हापासून उपसमिती रिकाम्या खुर्चीकडे बघत कॉफी पीत होती. सहज म्हणून आखिलला बसवलं. अहो, काय सांगू! म्हातारा पत्ता टाकायचा तो टेबलावर थाप मारूनच, आणि जिंकल्यावर फिर्मीनला असे काही टोमणे मारायचा की मार्लेन हसून हसून डोळे पुसायची. असा भिडू दिक्समाउदला जाऊ देणं हे वस्तीच्या हिताचं नव्हतं. सबब, उपसमितीची तातडीची सभा बोलावण्यात आली.

“सांगून टाकू या त्याला,” मार्लेन म्हणाली. “म्हातारा माणूस आहे. खाऊन खाऊन किती खाईल?”

“तो लेकीला सांगेल,” फिर्मीन म्हणाला. “लेक कचेरीत सांगेल. नोटरीकडे कोण येतं? घर घेणारे! म्हणजे एकजात नवखे! घराच्या कागदाबरोबरच गोदेलीवचा पत्ता हातात ठेवतील.”

“आणि हा आखिल सांगेल कसा? ओरडून!” मी म्हणालो.

दोन्ही बाजूंचा साकल्याने विचार होऊन असं ठरलं, की सदर गृहस्थास गोदेलीवची फ्रीत मिळावी. मात्र ती गोदेलीवची आहे हे सदर गृहस्थास कळू नये. क्रोनच्या मुकुट छापलेल्या पिशव्या वस्तीत कमी नाहीत. नवखे लोक पहिल्याच आठवड्यात फेकतात त्या. गोदेलीवचं पुडकं त्या पिशवीत घालून दर शुक्रवारी मी आखिलच्या घरी पोचवायचं, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

“क्रोन?” आखिलने पिशवी बघून नाक मुरडलं.

“शुक्रवारी वेगळी कढई लावतात,” मी म्हणालो. “ओळखीच्यांपुरती.”

त्याने एक काप तोंडात टाकला. मग दुसरा. द्रोणाच्या तळाशी बोट फिरवून शेवटचं मीठही चाटलं आणि म्हणाला, “वाईट नाही.”

परक्या वाचकांच्या माहितीसाठी: ‘वाईट नाही’ हे आमच्याकडचं सर्वोच्च प्रशस्तिपत्र आहे. माझ्या लग्नात पाद्रीबाबाला बायकोबद्दल मी हेच सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी आखिलने पहिल्या खोक्याची सुतळी सोडली. मग दर शुक्रवारी एक खोकं उघडायचं. लीसेलोतने मला मिठीच मारली. वस्तीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. लवकरच एकच खोकं उरलं.

पण आखिलने त्या कढईची वार्ता ट्रामच्या थांब्यावर, जाहीर आवाजात, द्यायला सुरुवात केली. लोक शुक्रवारी क्रोनला जायचे, नेहमीचंच खायचे आणि आपल्यालाच चव कळत नसावी असं समजून गप्प घरी यायचे. हेही निभावलं असतं. पण एका शुक्रवारी मला सर्दीने धरलं. आखिलला दम निघेना. तो काठी टेकत स्वतःच क्रोनला गेला आणि मिळालेली फ्रीत बदकांना टाकून परत आला. पुढच्या शुक्रवारी मी पुडकं नेलं, तर त्याने दोन काप खाल्ले, पिशवी उचलली आणि तडक निघाला. मी मागोमाग.

“ए रॉनी!” आख्खा चौक वळला. “आज अशी, आणि मागच्या शुक्रवारी काय मला बदकांचं दिलंस? कोण बसतो रे तुझ्या वेगळ्या कढईवर?”

रॉनीने आपल्याच मुकुटाची पिशवी बघितली. एक काप खाल्ला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“ही माझी नाही,” तो म्हणाला. “वेगळी कढई नाहीये माझ्याकडे.” मग रांगेकडे बघत म्हणाला, “माझी अशी नसते? मग इतकी वर्षं कोणी बोललं का नाही? सगळे म्हणायचे, वाईट नाही.”

रांगेतल्या प्रत्येकाला अचानक आपल्या बुटांत रस वाटू लागला.

“एतियेन,” आखिल म्हणाला. या खेपेला अगदी हळू. “कुठली आहे ही?”

अध्यक्षाने गोपनीय बाबींवर बोलायचं नसतं. पण ही मान बघा, मेली आपोआप तलावाच्या दिशेला वळली.

रॉनी तसाच, अंगावर ॲप्रन घेऊन, तलावाकडे गेला. झाडाखाली उभं राहून त्याने एक द्रोण संपवला आणि गोदेलीवला मोठ्याने म्हणाला, “सुंदर!” हा शब्द आमच्या वस्तीत याआधी फक्त अंत्यविधीत, शवपेटीबद्दल वापरला गेला होता. महिनाभरात झाडाखालची जागा रिकामी झाली, गोठवलेली पोती बंद झाली, आणि दिव्यांच्या मुकुटाखाली गोदेलीव उभी राहिली. निम्म्या भागीदारीत.

आता शुक्रवारी रांग ट्रामच्या रुळांपर्यंत जाते. माझा नंबर आला तेव्हा मी तिला विचारलंच, “इतकी वर्षं आम्ही तुझ्याकडे आलो, आणि त्याच्या एका शब्दावर गेलीस?”

“तुम्ही ज्याला त्याला रॉनीकडेच पाठवायचात ना,” ती कढईतून नजर न काढता म्हणाली. “मला कळत नव्हतं होय? मला वाटायचं, माझी फ्रीत घरच्यांना चालते, पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगी नाही. घर जवळ म्हणून येता बिचारे, असं समजायचे मी. लहान की मोठी?”

“लहान,” मी म्हणालो. मोठी मागायची हिंमत झाली नाही.

आखिल राहिला. शेवटचं खोकंही उघडलं. त्यात बोटीची घंटा निघाली, ती आता दाराला लटकते. पत्त्यांनाही येतो, आणि रोज हरवतो मला. फक्त शुक्रवारी रांगेत सगळ्यात पुढे उभा राहून मागे ओरडतो, “एतियेन! वेगळी कढई लागली का रे?” आणि सगळी रांग, जिच्यातल्या निम्म्या लोकांच्या हातात मी स्वतः येनेव्हरची बाटली ठेवली होती, खदाखदा हसते.

असो. संस्था व्यक्तींपेक्षा मोठी असते. बदललेल्या परिस्थितीत उपसमितीने धोरणात योग्य ती दुरुस्ती केली असून यापुढे नवागतांना पुलाजवळच्या हिरव्या छताच्या जागेकडे पाठवण्यात येईल. आम्ही स्वतः सध्या कुठे खातो, हे विचारू नये.

आणि तुम्ही हसताय ते कशाला? उद्या मी तुमच्या गावी राहायला आलो, सामान अजून दारात आहे, पोटात कावळे ओरडताहेत, आणि मी तुम्हालाच विचारलं की इथं चांगलं खायला कुठं मिळतं हो? लगेच सुचलं ना नाव? हमरस्त्यावरचं, मोठ्या पाटीचं, समोर गाड्या लावायला जागा असलेलं? छान. फार आभारी आहे. आणि ते दुसरं, जे त्याच्याही आधी मनात आलं आणि तुम्ही गिळलंत, ते कुठेशी आहे म्हणालात?