जावईबापू, जरा डोळे उघडा

बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या त्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल, हे कोणीच सांगू शकत नसे. पण आलं की मात्र सगळ्यांना एकदम कळे, कारण लाईनीवरचं पहिलं घर रंभाबाईंचं होतं आणि रंभाबाईंचा आवाज शेवटच्या घराच्या गच्चीवर वाळणाऱ्या पापडांपर्यंत पोचत असे. "पानी आलं वंऽऽ!" एवढं ऐकलं की बाया हातातलं लाटणं टाकून बादल्यांकडे धावत.

मे महिन्यात रंभाबाईंचा घसा बसला. पाणी आलं, पाणी गेलं, गल्लीला पत्ता नाही.

त्याच गल्लीतले गजाननराव एका शाळेच्या ऑफिसात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क होते. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ होता. (गजाननरावांकडे वेळ असला की घरातल्या इतरांना धडकी भरे. मागच्या सुट्टीत त्यांनी मिक्सर दुरुस्त केला होता. तो आता फक्त आवाज करतो.)

"मी ॲप बनवतो," ते म्हणाले.

त्यांच्या बायको निर्मलाबाई रिकाम्या हंड्याकडे बघत होत्या. "आधी हा भरून आणा. मग बनवा काय बनवायचं ते."

पण गजाननरावांनी व्हिडिओ बघितला होता. त्यातला मुलगा छातीठोकपणे सांगत होता, "दोस्तों, एक बार लिखो, हर फोन पर चलाओ!" एकदा केलेलं काम सगळीकडे चालतं, हे गजाननरावांना फार आवडलं. ऑफिसात त्यांना एकच काम चार वेळा करावं लागे.

त्यांनी घरातल्या जुन्या कम्प्युटरवर व्हिडिओ बघून बघून, एक एक ओळ उतरवून घेत, खरोखर ॲप बनवलं. नाव ठेवलं 'आलं का?' उघडलं की मोठा निळा थेंब दिसे. ज्याच्या नळाला आधी पाणी येईल त्याने थेंब दाबायचा, की गल्लीतल्या सगळ्या फोनवर शाळेची घंटा वाजणार. घंटा खरी होती. तिचा आवाज भरून घेण्यासाठी त्यांनी शिपायाकडून भर सुट्टीत घंटा वाजवून घेतली होती. (ती ऐकून दोन मुलं दप्तर घेऊन आलीसुद्धा.)

मग ते घरोघरी जाऊन फोनमध्ये ॲप घालू लागले. अँड्रॉइड फोनांनी काही कुरकुर केली नाही. ते फोन म्हणजे सुट्टीत आलेले भाचे. जे वाढाल ते खातात, जिथे जागा मिळेल तिथे झोपतात. आता प्रत्येक भाच्याची खोड वेगळी. रंभाबाईंच्या फोनवर थेंब अर्धाच दिसे, आणि निर्मलाबाईंच्या फोनवर घंटा सुरू झाली की फोन बंद करेपर्यंत थांबत नसे. पण चालत होतं.

राहिला आयफोन. व्हिडिओतला मुलगा पुन्हा पुन्हा बजावत होता की दोन्हीकडे चालवून बघितल्याशिवाय ॲपला ॲप म्हणू नका. अख्ख्या गल्लीत आयफोन नव्हता. तो शनिवारी येणार होता, जावयाच्या खिशातून.

जावई म्हणजे हर्षल. इंदूरला सॉफ्टवेअर इंजिनीअर. लेकीचं, अश्विनीचं लग्न मागच्या वर्षीच झालेलं, आणि लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं ताट द्यायचं, ओवाळायचं. रविवारी रावेरहून व्याही आणि विहीणबाईही जेवायला येणार होते. निर्मलाबाई आठवडाभर अनारशाच्या पिठाकडे तान्ह्या बाळासारखं लक्ष ठेवून होत्या.

"हा महिना तीन वर्षांनी येतो," त्यांनी नवऱ्याला दम दिला होता. "या वेळी काही बिघडलं तर विहीणबाई पुढच्या धोंड्यापर्यंत बोलून दाखवतील, आणि ऐकायला मी असेन. जावयाच्या वाटेला जायचं नाही. त्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही."

खरं तर हर्षलला सरळ सांगता आलं असतं, की बाबा रे, फोन दे जरा. पण गजाननरावांच्या मनात साखरपुड्याचा सल होता. त्या दिवशी त्यांनी हर्षलला चारचौघांत विचारलं होतं, "तुम्ही कम्प्युटरवाले, तर आमच्या ऑफिसचा प्रिंटर बघून द्याल का?" लोक हसले होते. तेव्हापासून जावयाला एकदा चकित करायचं त्यांच्या मनात होतं, आणि आता ॲप हाताशी होतं. जावयाचा फोन आपोआप वाजावा, जावयाने चकित होऊन विचारावं, 'बाबा, हे कुणी बनवलं?' आणि आपण पानाला चुना लावता लावता म्हणावं, 'असंच, वेळ होता.'

शनिवारी दुपारी जेवून हर्षल पलंगावर आडवा झाला. बाहेर ऊन भाजत होतं, खोलीत पडदे ओढलेले, कूलर घरघरत होता. उशाशी आयफोन होता. निर्मलाबाई आणि अश्विनी स्वयंपाकघरात अनारसे तळत होत्या. गजाननराव पाय न वाजवता आत आले आणि त्यांनी फोन उचलला.

फोनला कुलूप. त्यांनी अश्विनीची जन्मतारीख टाकून बघितली. मग लग्नाची तारीख. मग स्वतःची जन्मतारीख. (हे का केलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.) मग त्यांना आठवलं, हा फोन मालकाचा चेहरा बघून उघडतो! चेहरा तर समोरच होता, आयता.

त्यांनी फोन हर्षलच्या तोंडासमोर धरला. अंधार होता, म्हणून दुसऱ्या हातात आपला फोन घेऊन त्याची बॅटरी लावली. कुलूप उघडेना. जवळ नेला, लांब नेला. दोन्ही हात हर्षलच्या तोंडाभोवती हळूहळू गोल फिरवले. मग डोक्यात उजेड पडला, की चेहरा पुरत नाही, डोळेही उघडे लागतात.

फोनच तो, हट्टालाच पेटला. गजाननराव कानाशी वाकून अगदी मायेने कुजबुजले, "जावईबापू, जरा डोळे उघडा."

हर्षलने डोळे उघडले. फोन उघडला. आणि सासऱ्यांचं तोंड मात्र उघडंच राहिलं.

"बाबा? काय करताय?"

गजाननरावांचे हात अजून गोल फिरतच होते. त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं, आणि त्या हातांनीच त्यांना उत्तर सुचवलं.

"ओवाळतोय."

"मी झोपलेलो असताना?"

"बऱ्हाणपूरची जुनी पद्धत आहे. धोंड्यात जावयाला दुपारी झोपेत ओवाळतात."

"पण ओवाळतात तर सासूबाई ना?"

"सकाळी सासू. दुपारी सासरा."

"आणि हा... माझा फोन आहे ना?"

"जावयाच्याच वस्तूनं ओवाळायचं असतं," गजाननराव म्हणाले. आता ते स्वतःच स्वतःला थांबवू शकत नव्हते. "दिव्याचं तेल उशीवर सांडतं ना."

हर्षल सज्जन मुलगा. तो पटकन उठून बसला, डोक्यावर रुमाल घेतला, ओवाळून घेतलं आणि वाकून नमस्कार केला. "मस्तच! आईला सांगतो. तिला अशा पद्धतींची भारी हौस आहे."

"सांगायची गरज नाही," गजाननराव घाईने म्हणाले. "फोन मी देवापुढे ठेवतो दोन मिनिटं. तोही पद्धतीतच आहे."

देवघरातच एका कोपऱ्यात तो जुना कम्प्युटर होता. त्याची वायर त्यांनी आयफोनला जोडली. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा व्हिडिओ लावला आणि या वेळी तो पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघितला. शेवटी तो मुलगा सांगत होता की आयफोनसाठी कम्प्युटरही त्याच कंपनीचा लागतो, आधी नाव नोंदवावं लागतं, दरवर्षी फी भरावी लागते, आणि मग ॲप कंपनीला पसंत पडलं तर ते दुकानात लागतं.

गजाननरावांनी हात जोडले. म्हणजे अँड्रॉइड भाचा आणि आयफोन जावई! आधी निरोप धाडा, मान द्या, आहेर करा, आणि मग त्यांची मर्जी. फोन त्यांनी मुकाट्याने जागेवर नेऊन ठेवला. प्रकरण मिटलं, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी विहीणबाईंचा निर्मलाबाईंना फोन आला. "काय हो, उद्याची झोपेतली ओवाळणी किती वाजता? हर्षलनं सांगितलं मला. जावयाचा मान करता तसा व्याह्यांचाही करालच की. यांनाही झोपवू आम्ही."

निर्मलाबाईंनी फोन ठेवला आणि झारा उचलला. गजाननरावांनी झाऱ्यासमोर उभं राहून सगळं कबूल केलं.

"म्हणजे तुम्ही जावयाचा फोन चोरत होता?"

"बघत होतो."

"कुलूप उघडून?" निर्मलाबाईंनी झाऱ्याने अनारशावर तूप उडवलं. "चोर सासरा म्हणवून घेण्यापेक्षा जुनी पद्धत बरी. उद्या नीट ओवाळा. आणि त्यानंतर तीन वर्षं मला काही सांगू नका."

रविवारी धोंडे झाले, तूप झालं, अनारसे झाले. जावयाच्या आधी मान म्हणून व्याह्यांना, लीलाधररावांना पलंगावर झोपवलं. ते निवृत्त हेडमास्तर. सांगितल्याबरहुकूम डोळे मिटले आणि पुरणाच्या जोरावर खरोखरच घोरायला लागले. बातमी फुटली होती, त्यामुळे गल्लीतल्या बाया खोलीत दाटीवाटीने उभ्या होत्या. पुढे खुर्चीवर रंभाबाई.

विहीणबाईंनी त्यांनाच गाठलं. "मावशी, तुम्ही सगळ्यांत जुन्या. खरंच आहे का हो अशी पद्धत तुमच्याकडे?"

निर्मलाबाई तबकातली सुपारी पुन्हा पुन्हा सरळ करू लागल्या. गजाननरावांनी डोळे मिटले. पण गल्लीतली एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही, असं रंभाबाई जन्मात कधी म्हणाल्या नव्हत्या.

"हाये ना वं माय," त्या बसलेल्या घशातून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. त्या आवाजात कुठलीही गोष्ट शंभर वर्षं जुनी वाटे. "पहिले आरशानं ओवायत. आता फोन आला. अन् घोरला तं लई शुभ."

सगळ्यांनी लीलाधररावांकडे आदराने बघितलं. ते फार शुभ घोरत होते.

गजाननरावांना इतकं हायसं वाटलं की आपलाच नियम विसरून त्यांनी खिशातून आपला फोन काढला आणि मन लावून ओवाळू लागले. एक फेरी, दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला अंगठा जिथे जायला नको तिथे गेला. ॲप उघडंच होतं.

निळा थेंब दाबला गेला.

खोलीतल्या सगळ्या फोनवर एकदम शाळेची घंटा सुरू झाली. पदरातून, कमरेच्या पाकिटातून, कूलरच्या डोक्यावरून, घणघणघण! एक क्षण सगळ्या बाया थिजल्या. मग कुणीतरी ओरडलं, "अगं बाई, पाणी!"

धोंड्याचा मान, व्याही, ओवाळणी, सगळं जागच्या जागी टाकून गल्ली दाराकडे धावली. लीलाधरराव ताडकन पलंगावर उभे राहिले आणि डोळे न उघडताच गरजले, "रांगेत! रांगेत जा! प्रार्थना चुकवू नका!" विहीणबाईंना पाण्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण त्याही हाती लागलेली कळशी घेऊन धावल्या.

बाहेर लाईनीवरचा पहिला, रंभाबाईंच्या दारातला नळ फुसफुसला. सगळ्यांनी बादल्या पुढे सरकवल्या.

रंभाबाईंनी तोटीखाली हात धरला. "हवा आली," त्या म्हणाल्या.

भर उन्हात, रिकाम्या बादल्या घेऊन, एवढ्या बाया एकत्र शांत उभ्या राहिलेल्या गजाननरावांनी कधी बघितल्या नव्हत्या. फक्त निर्मलाबाईंचा फोन अजून घणघणत होता. सवयीप्रमाणे.

हर्षल आपला आयफोन उलटसुलट करून बघत बाहेर आला. "सगळ्यांचे वाजले, माझाच नाही वाजला," तो म्हणाला. त्याने निर्मलाबाईंच्या हातातला फोन घेऊन निळा थेंब बघितला आणि खरोखरच्या कौतुकाने, चारचौघांत, मोठ्याने विचारलं, "बाबा, हे कुणी बनवलं?"

इतके दिवस ज्या प्रश्नाची वाट बघितली, तो हाच. शब्दही तेच होते. गजाननरावांनी बादल्यांकडे बघितलं. बादल्याही त्यांच्याकडे बघत होत्या.

"काय की," ते म्हणाले. "कुणी रिकामटेकडा असेल."

रात्री इंदूरला निघताना नमस्कार करायला वाकलेला हर्षल हळूच म्हणाला, "बाबा, ॲप चांगलं आहे. पण पुढच्या वेळी फोन नुसता मागा. मी देतो." म्हणजे त्याला कळलं होतं. पण खरं काय ते त्याने आईला सांगितलं नाही. विहीणबाई तर रावेरला जाऊन सगळ्यांना सांगत होत्या की बऱ्हाणपूरकडे व्याह्यांना घंटा वाजवून उठवतात, केवढा तो मान!

गल्लीने दुसऱ्याच दिवशी 'आलं का?' फोनांतून काढून टाकलं. रंभाबाईंचा घसा सुटला आणि पाण्याचा कारभार पुन्हा त्यांच्याकडे गेला. पद्धत मात्र राहिली. आधी गल्लीत, मग नदीपलीकडे जैनाबादला, मग रावेरला. जो तो दुपारी जावयाला झोपवून ओवाळू लागला. एकदा केलं आणि सगळीकडे चाललं, असं गजाननरावांच्या हातून एवढंच झालं.

महिना संपता संपता त्यांनाही सासुरवाडीचं बोलावणं आलं. निंबोल्याला केळीच्या मळ्यात घर, सासूबाई अजून खमक्या. धोंडे खाऊन गजाननराव आडवे झाले. वारा छान होता. नुकताच डोळा लागला होता, तेवढ्यात कानाशी कुणीतरी मायेने म्हणालं, "जावईबापू, जरा डोळे उघडा."

सासूबाई होत्या. त्यांच्यामागे तीन मेहुणे, त्यांच्या बायका, शेजारीपाजारी, आणि सगळ्यांच्या हातात गोल फिरणारे फोन. गजाननरावांनी निमूटपणे डोक्यावर रुमाल घेतला. एकाची पाळी झाली की दुसरा, दुसऱ्याची झाली की तिसरा. झोप तर गेलीच होती. पण धाकट्या मेहुण्याच्या हातातला फोन नाकाजवळ आला आणि त्यांची नजर त्यावरच खिळली. नवाकोरा आयफोन!

त्यांचा हात आपसूक वर गेला.

"हात जोडा," मागून निर्मलाबाई म्हणाल्या. "लावायचा नाही."