शिंपीबुवांची गोड मिरची

"कापड असो की जमीन, वाया घालवणं पाप!" असं शिंपीबुवांचं ठाम मत होतं. म्हणून बायको गेल्यावर तिने राखलेलं गोड मिरचीचं सगळं बी त्यांनी मागच्या चिमूटभर अंगणात असं बेतलं, की दोन रोपांमधून मुंगीनेही अंग चोरून जावं! उरलेल्या कोपऱ्यात मेहुणीने दिलेली जहाल मिरची कोंबली.

"भाऊजी, लांब लावा हो," मेहुणी म्हणाली. "फुलांची सरमिसळ होईल."

"बेतायला मला शिकवतेस? बाहीशेजारी कॉलर बेतली म्हणून बाहीची कॉलर होते का?"

त्या वर्षी मिरच्या गोडच आल्या. बुवांनी विजयी मुद्रेने टोपलीभर मेहुणीकडे पाठवल्या आणि पुढच्या वर्षासाठी बी धरलं.

बुवांच्या पोटाला तिखट सोसत नसे, म्हणून बायकोने कुठूनकुठून बी मिळवून ही मिरची वाढवली होती. बाईची जीभ तिखट, पण मिरची गोड! तिच्या हातचं घरात आता तेवढंच जिवंत होतं. बुवा मात्र ती गेल्यापासून एकदाही रडले नव्हते. मुलीला त्याचाच घोर लागला होता.

पुढच्या वर्षीच्या पहिल्या तोड्याला मेहुणी आणि मुलगी जेवायला आल्या. मुलीने मिरच्या चिरून वाढल्या. बुवांनी मात्र एक अख्खीच उचलली आणि कचकन चावली. त्यांचे ओठ थरथरले, डोळे डबडबले.

"बाबा! रडा, मोकळे व्हा!" मुलगी धावली आणि तिने बापाचे डोळे पुसले. मिरच्या चिरलेल्या हातांनीच!

बुवांनी हंबरडा फोडला. मुलगी गळ्यात पडली. मेहुणीला ते बघवेना, तिने मान खाली घालून एक फोड तोंडात टाकली आणि तीही रडू लागली.

"पाणी!" बुवा ओरडले.

"आईनंही शेवटी पाणीच मागितलं होतं!" म्हणून मुलगी आणखीच हुंदके देऊ लागली.

दूध पोटात गेल्यावर सगळे शांत झाले. बुवा ताटाकडे बघत राहिले.

"म्हणजे तिचं बी गेलं?"

"सरमिसळ त्या वर्षीच्या फळांत नाही, बियांत उतरली. जुनं बी थोडं मागे ठेवलं असेल ना, भाऊजी?"

"एक दाणासुद्धा नाही," बुवा म्हणाले, आणि आता त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मिरचीचं नव्हतं. आपल्याच हुशारीने आपण बायकोला दुसऱ्यांदा घालवलं, असं त्यांना वाटलं.

मेहुणीने ताटातल्या फोडीचं बी बोटावर घेऊन दाखवलं. "गेलं नाही, लपलंय. याच मिरच्यांचं बी पेरा. बहुतेक झाडं तिखट निघतील, पण एखाद्याला ताईची गोड मिरची लागेल."

"ती ओळखायची कशी?"

"चाखून!"

"मी चाखते, बाबा," मुलगी म्हणाली.

"नको. तिची चव मलाच कळेल."

पुढच्या हंगामात बुवांनी पहिल्या झाडाची मिरची तोडली, गंभीरपणे चावली, अंगणात दोन फेऱ्या धावत मारल्या आणि धापा टाकत जाहीर केलं, "ही नव्हे!"

मग ते दुसऱ्या झाडाकडे वळले.