नगरसेवकाचा उत्पादन खर्च

नगरसेवकाचा उत्पादन खर्च काढणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. मुंजाजीकाका. कृषी विद्यापीठात त्यांची सगळी नोकरी पिकांचा उत्पादन खर्च काढण्यात गेली. जवळच्या पेडगावला कुणाच्या तरी बांधावर बसायचं, बियाणं, फवारणी, वेचणी सगळं विचारून घ्यायचं आणि शेवटी शेतकऱ्याला हटकायचं, "घरची मजुरी धरली का?" ती कोणीच धरलेली नसायची.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाच्या मागे लागतात. काका नगरसेवकांच्या मागे लागले. निवडून दिलेल्या माणसाला रास्त मानधन किती असावं, हे म्हणे आजवर कोणी नीट काढलेलंच नाही. मधली काही वर्षं महापालिकेवर प्रशासक होता, तेव्हा पीकच नसल्यामुळे संशोधन पडीक राहिलं. मग निवडणूक झाली आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी काका माझ्या स्कूटीवर मागे येऊन बसले. "चला, पेरणी झाली," म्हणाले.

पहिल्या नगरसेवकाने हात जोडून सांगितलं, "काका, आमी सेवा करतोत. पैशासाठी न्हाई." काकांनी अंगणातल्या नव्या कोऱ्या गाडीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मग ही कशावर चालती?" आमचा चहा आतच राहिला. दुसऱ्याला वाटलं, यांना विरोधकांनी पाठवलंय. त्याने चहा दोनदा पाजला, पण माहिती काही दिली नाही.

लोकांचंही मत घ्यायचं होतं. स्टेशनसमोरचा पानवाला म्हणाला, "त्येंना अजून पगार? काय कमी हाय त्येंना?"

काका शांतपणे म्हणाले, "तुझ्या दारात कोणी पहाटं नाली तुंबली म्हणून आलं तर?"

"मी दार उघडणारच न्हाई."

"मग जो उघडतो त्याला काय द्यायचं, एवढंच तर मी इचारायलोय."

मला या सगळ्याची गंमत वाटायची. नेमकं काय अडलंय आणि कुणाचं, ते संगीताताईंच्या घरी गेल्यावर कळलं. संगीताताई आमच्या प्रभागातून पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. नवरा नाही, दोन मुली शिकणाऱ्या, आणि ब्लाउज शिवून घर चालवणाऱ्या. त्यांच्याच घरचा खर्च धरून काकांचा आकडा अखेर निघाला होता आणि तो सांगायला काका नवा शर्ट घालून आले होते. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती.

"आकडा चांगला हाय काका," त्या म्हणाल्या. "कधी भेटंल?"

"सरकारकडं पाठवायचा. त्येंनी ठरवलं की."

"तवर?"

काकांनी आकड्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग त्याच बोलल्या. "लग्नसराई हाय, अन् मला मशीनवर बसायला भेटंना. बसले की दार वाजतंय. काल एक ठेकेदार पाकीट घेऊन आलता. मी वापस केलं. पण पोरींची फी तोंडावर आली, काका. दुसऱ्यांदा वापस करीनच असं मला सांगता येईना. त्याच्यापरीस राजीनामा दिलेला बरा."

परत येताना काका स्कूटीवर मागे बसून तीच बेरीज पुन्हा करत होते. त्यांचा आकडा बरोबर होता आणि ताईंच्या काही उपयोगाचा नव्हता. मला त्यांची फार कीव आली.

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी घरी दिसेनात. शोधत गेलो तर संगीताताईंच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. आत मशीन चालू होती. "ती शिवायली. मला सांगा," असं म्हणून काका प्रत्येकाची तक्रार ऐकत होते, महापालिकेत फोन लावत होते, आणि ताईंची सही लागेल तेवढीच माणसं आत सोडत होते. लोक त्यांच्यावर डाफरत होते, तुमाला कोणी नेमलं म्हणून. ठेकेदारही पुन्हा येऊन गेला म्हणे. काकांनी त्याला रांगेत बसवून सगळ्यांदेखत त्याची तक्रार विचारली. तो पाकिटासकट निघून गेला. राजीनाम्याचं नाव ताईंनी परत काढलं नाही.

मी थट्टेने विचारलं, "काका, तुमचं मानधन किती धरायचं?"

ते हसले नाहीत. "सरू नगरसेविका होती," म्हणाले. सरूकाकूंना मी फक्त त्यांच्या भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. "नगरपालिका होती तवा. दिवसभर दार वाजायचं. मी लय चिडायचो. घर हाय का बसस्टँड म्हणायचो. एकदा ती सैपाकात असताना गुपचूप आतून कडी लावली. माणसं वाजवून वाजवून निघून गेले. तिला कळलं. पिठाचे हात तसेच घेऊन त्येंच्या मागं पळत गेली."

आत मशीन थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"ती गेल्यापासून मी दिवसा कधी कडी लावत न्हाई," काका म्हणाले. "पण येतंय कोण?"

तेवढ्यात एक बाई रिकामी घागर घेऊन तणतणत आली. नळाला पाणी नाही, नगरसेविका कुठंय, आत्ताच्या आत्ता बाहेर बोलवा. काका लगबगीने उठले आणि आपली खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली.

"बस माय," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग. मला काई घाई न्हाई."